एकदांडी, उद्यमनगर

पहिल्याच आठवड्यात लेथवरची निळी, वळलेली कातण
अंगठ्यात शिरली.
गजबर मिस्त्रींनी माझं मशीन बंद केलं,
शेडमागं गेले
आणि आले मुठीत पाला चुरगळत,
बोटांतून हिरवं पाणी ठिबकत.
"दगडी पाला. बघून ठेव पोरी.
पुढच्या टायमाला तुझं तुलाच हुडकाय लागंल."

बघून ठेवला, म्हणजे मापून ठेवला.
आयटीआयनं दुसरं काय शिकवलं होतं?
भट्टीच्या काळ्या वाळूत उकिडवी बसले, हातात व्हर्नियर:
दांडी एकच, बिनपानाची, दोनशे चाळीस मिलिमीटर.
वर गोंडा, बारा पूर्णांक चार.
कडेला पाच पाकळ्या, ताकाच्या रंगाच्या,
प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते,
कुठल्या कटरनं काढले कोण जाणे,
एकाही दात्याला बर नाही.
पानं समोरासमोर, कडेनं करवत,
अंगानं कानशीसारखी.
दुसरं फूल मापलं, वेगळं आलं. तिसरं, आणखी वेगळं.
इन्स्पेक्शनला गेला असता
तर सगळा लॉट परत.

एकदा चुकले.
जयंती नाल्याच्या कडेनं खुडून आणलं तसलंच काहीतरी.
मिस्त्री हसले नाहीत.
देठ माझ्या तळव्यावर चिरडलं, चहा संपेस्तोवर थांबले.
तळवा काळानिळा.
"ह्यो माका. केसाला लाव.
ह्येची झालर पांढरी, बारीक, आन पाय कायम वल्लं.
आपल्याला एवढं पाणी लागत न्हाई."
आपल्याला म्हणजे कुणाला, हे विचारलं नाही.

मग त्यांनी खिशातलं भिंग दिलं,
ज्यातून ते बोअरमधले ओरखडे बघायचे.
गोंड्यातला प्रत्येक पिवळा ठिपका
पाच टोकांचं आख्खं फूल निघालं.
कडेची आधी उघडलेली, आतली अजून मिटून,
दुसऱ्या पाळीची माणसं गेटावर थांबावीत तशी.

आदगोंडा शेठच्या धाकट्यानं शेडमागं काँक्रीट ओतलं.
गाड्या लावायला.
माझ्याकडं कागदाच्या पुडीत बिया होत्या,
काळ्या, डोक्यावर पिसांची छत्री;
पुडी उघडताना श्वास घेतला तर निम्म्या उडाल्या.
कटिंग ऑइलचा डबा सोड्यानं धुतला, तळाला भोकं पाडली,
नदीकाठची गाळमाती, शेणखत, रोज सकाळी पाणी.
उगवलं. लांबलचक झालं, पिवळं पडलं, मेलं.
मिस्त्री म्हणाले, "पाव्हण्यासारखं वागवलंस व्हय त्येला?"

दुसऱ्यांदा बी नाही.
रेल्वे फाटकाजवळून रांगती फांदी आणली,
डब्यात मुरूम आणि विटांचा चुरा,
त्यावर आडवी निजवली,
पेरावर एक बिघडलेला नट ठेवला वजनाला.
आठव्या दिवशी नट उचलला,
पेरातून मुळं निघालेली, दोऱ्याएवढी.
तेव्हापासून उन्हाळ्यात करपतं, मी कापून टाकते,
आणि ते परत येतं. सात वर्षं झाली.
डब्याला गंज चढला, त्याला काही नाही.

मिस्त्री आता हातकणंगल्याला असतात, लेकाकडं.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन नको म्हणतात.
गेल्या सोमवारी, सुट्टी होती, एक दांडी घेऊन गेले.
त्यांनी ती बोटांत फिरवली, गेज लावल्यासारखी.
अंगठा पाकळ्यांवरनं सावकाश.
"दातं तीन, बराबर.
पाकळ्या चारच हायत."
मी मोजल्या. चारच होत्या.
म्हटलं, वाटेत बसमध्ये पडली असंल.
"पडल्याली न्हाई," म्हणाले, "पडलं तर खाच ऱ्हाती.
हिला हायतच चार. असत्यात."

रात्री घरी येऊन जुनी वही काढली.
पाकळ्या: पाच.
पाच खोडलं, चार ते सहा लिहिलं,
आणि शेरा लिहायच्या रकान्यात
बराच वेळ पेन नुसतं धरून बसले.